झडप बदललेल्या माणसाने पालेभाजी खावी का?

प्रश्न : माझे वय 54 असून मी सातारा जिल्ह्यातील एका गावात राहते. लहानपणी झालेल्या र्‍हुमॅटिक तापामुळे माझ्या हृदयाची मायट्रल झडप खराब झाली होती. सहा वर्षांपूर्वी ती काढून मेटलची झडप बसवली. तेव्हापासून मी रोज रात्री रक्त गोठू न देणारी अ‍ॅसिनोकुमॅरॉलची गोळी घेते आणि दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा; तो जितका जास्त, तितके रक्त उशिरा गोठते) तपासते. डॉक्टरांनी तो 2.5 ते 3.5 यांच्या दरम्यान ठेवायला सांगितले आहे. गेल्या वर्षी एका नातेवाइकांनी सांगितले की 'के' जीवनसत्त्वाने रक्त गोठते आणि पालेभाज्यांत ते भरपूर असते. म्हणून मी सगळ्या पालेभाज्या, अगदी कोथिंबीरसुद्धा, सोडली. तरीही आयएनआर स्थिर राहत नाही. श्रावणात लघवीच्या जळजळीसाठी अँटिबायोटिक घेतले तेव्हा तो 4.6 झाला. ऋषिपंचमीला ऋषीची भाजी खाल्ली, उरलेली दुसर्‍या दिवशीही खाल्ली, तर पुढच्या आठवड्यात तो 1.7 आला. घरचे त्या भाजीला दोष देत आहेत. दोन महिन्यांपासून गुडघ्यांसाठी कॅल्शियमची गोळीही चालू आहे. जे जीवनसत्त्व रक्त गोठवते ते माझ्यासाठी विषच नव्हे का? तपासणी न लागणारी नवी गोळी मला घेता येईल का? आणि नुकत्याच जन्मलेल्या माझ्या नातवाला दवाखान्यात याच जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले, त्याने काही अपाय तर होणार नाही ना?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, पालेभाजी पूर्णपणे सोडण्याची गरज नव्हती, आणि ती सोडल्यामुळेच तुमचा आयएनआर अधिक चंचल झाला असण्याची शक्यता आहे. मात्र हे वाचून उद्यापासून ताटभर पालक खायला सुरुवात करू नका. तुमच्या गोळीचे आजचे प्रमाण बिनपालेभाजीच्या आहाराला जुळवलेले आहे, त्यामुळे आहारात बदल करायचा तो डॉक्टरांना सांगून आणि तपासणीची तारीख ठरवूनच. असे का, हे समजण्यासाठी हे जीवनसत्त्व शरीरात नेमके काय करते ते पाहावे लागेल.

'के' जीवनसत्त्वाने रक्त गोठते, हे विधान अर्धवट आहे. जखमेवर जी गुठळी धरते तिच्यात हे जीवनसत्त्व नसते, आणि ते जास्त खाल्ल्याने निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्याही होत नाहीत. त्याचे काम यकृतात चालते. प्रोथ्रॉम्बिन आणि त्याच्या जोडीची सातव्या, नवव्या व दहाव्या क्रमांकाची प्रथिने यकृताच्या पेशी सतत तयार करत असतात. रक्त गोठण्याच्या प्रक्रियेतील ही चार प्रथिने साखळीच्या रूपात तयार झाली तरी लगेच कामाची नसतात. प्रत्येकाच्या एका टोकाजवळ ग्लुटामिक आम्लाचे दहा ते बारा घटक असतात आणि त्यांतील प्रत्येकावर एक जादा कार्बॉक्सिल गट बसवावा लागतो. तो बसवणार्‍या एन्झाइमला 'के' जीवनसत्त्व लागते, आणि त्याच्याशिवाय हे काम दुसर्‍या कशानेही होत नाही.

एवढ्याशा जोडकामाने काय साधते? तो जादा गट बसला की त्या जागी दोन ऋण भार शेजारी शेजारी येतात आणि रक्तातील कॅल्शियम तेथे घट्ट धरले जाते. कॅल्शियम धरल्यावर प्रथिनाचे ते टोक विशिष्ट आकारात दुमडते आणि जखमेपाशी जमलेल्या प्लेटलेटच्या पृष्ठभागाला चिकटू शकते. रक्त गोठण्याच्या पुढच्या सर्व पायर्‍या त्या पृष्ठभागावरच वेगाने घडतात. दहावे प्रथिन प्रोथ्रॉम्बिनला कापून त्याचे थ्रॉम्बिन करते, आणि थ्रॉम्बिन रक्तातील फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवते. जोडकाम अपुरे राहिलेले प्रोथ्रॉम्बिन रक्तात फिरत असते, पण जखमेपाशी त्याला पकड घेता येत नाही. हा उलगडा 1974 साली झाला. स्वीडनमधील योहान स्टेनफ्लो आणि त्यांच्या सहकार्‍यांनी निरोगी गाईंचे प्रोथ्रॉम्बिन आणि रक्त गोठू न देणारे औषध दिलेल्या गाईंचे प्रोथ्रॉम्बिन यांची तुलना केली, तेव्हा त्यांना या न ओळखल्या गेलेल्या घटकाचा शोध लागला. अमेरिकेत गॅरी नेल्सेस्टुएन यांचा गटही त्याच वर्षी याच निष्कर्षाला पोहोचला.

आता तुमच्या गोळीकडे येऊ. वरचे जोडकाम करताना 'के' जीवनसत्त्व स्वतः बदलते आणि त्याचे इपॉक्साइड नावाचे निकामी रूप तयार होते. हे जीवनसत्त्व शरीरात फारसे साठत नसल्यामुळे शरीर त्याला टाकून देत नाही, तर एका दुसर्‍या एन्झाइमच्या मदतीने पूर्ववत करून पुन्हा वापरते. दळून दळून गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावली की ते पुन्हा दळू लागते, तसेच हे आहे. अ‍ॅसिनोकुमॅरॉल आणि त्याच्याच जातीचे वॉरफेरिन ही औषधे टाकी लावणार्‍याचे हात बांधून ठेवतात. त्यामुळे यकृतात प्रथिनांच्या साखळ्या बनत राहतात, पण त्यांतल्या बर्‍याचशा अपुर्‍याच बाहेर पडतात आणि कृत्रिम झडपेवर गुठळी धरण्याचा धोका कमी होतो. आहारातून ताजे जीवनसत्त्व भरपूर आले, तर या गोळीला न जुमानणार्‍या एका आडवाटेने त्यातील काही भाग कामाला लागतो आणि गोळीचा परिणाम तेवढा उतरतो. पालेभाजी आणि तुमची गोळी यांच्यातील संबंध एवढाच आहे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण तुमच्या भागात दुभत्या जनावरांसाठी लसूणघास लावणारे बरेच जण असतील. 1920 च्या दशकात अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा भागात आणि कॅनडात गाईगुरे किरकोळ जखमेनेही रक्तस्राव होऊन मरू लागली. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा ओला राहून त्याला बुरशी लागली, की त्यात डायकुमॅरॉल हे तुमच्या गोळीच्याच जातीचे द्रव्य तयार होते, हे त्याचे कारण निघाले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने ते द्रव्य 1939 साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच वर्षी 'के-1' जीवनसत्त्वही शुद्ध स्वरूपात हाती आले, आणि ते मिळवले होते लसूणघासातून. रोग एका चार्‍यातून आला आणि त्यावरचा उतारा दुसर्‍या चार्‍यात सापडला. कोपनहेगन येथे कोंबडीच्या पिल्लांना स्निग्ध पदार्थ काढून टाकलेला आहार देताना या जीवनसत्त्वाचा माग लागलेले हेन्रिक डॅम आणि त्याची रचना ठरवणारे एडवर्ड डॉइझी यांना पुढे 1943 चे नोबेल पारितोषिक मिळाले. लिंक यांच्या प्रयोगशाळेतून पुढे निघालेले वॉरफेरिन आधी उंदीर मारण्यासाठी वापरात आले आणि 1954 पासून माणसांना दिले जाऊ लागले.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे होते. डॉक्टरांनी ठरवलेला गोळीचा डोस हा तुमच्या नेहमीच्या आहारातून येणार्‍या 'के' जीवनसत्त्वाच्या समोर तोलून धरलेला असतो. आहारातील प्रमाण मध्यम आणि रोज साधारण सारखे असेल, तर एखाद्या दिवसाच्या कमी-अधिकाने तोल फारसा ढळत नाही. पण आहारातून हे जीवनसत्त्व जवळजवळ काढूनच टाकले, तर यकृतातील साठा इतका अपुरा राहतो की कोथिंबिरीच्या एका वाटीनेही आयएनआर खाली येऊ शकतो आणि चार दिवस जेवण कमी झाले तरी तो वर जाऊ शकतो. ज्यांचा आयएनआर सतत हेलकावे खातो अशा रुग्णांच्या आहारात हे जीवनसत्त्व इतरांपेक्षा कमी असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. शिवाय हे जीवनसत्त्व एकाच बाजूचे नाही. रक्त गोठण्याला आवर घालणारी 'सी' आणि 'एस' ही प्रथिनेही त्याच जोडकामाने तयार होतात, आणि हाडांतील ऑस्टिओकॅल्सिन नावाच्या प्रथिनालाही ते लागते. त्यामुळे त्याला विष म्हणणे योग्य नाही.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून काही आकडे देतो. ते भाजीच्या जातीप्रमाणे आणि ताजेपणाप्रमाणे बदलतात, म्हणून त्यांना ढोबळच समजावे. अमेरिकेतील आहारमानकांत प्रौढ स्त्रीला दिवसाला 90 आणि पुरुषाला 120 मायक्रोग्रॅम पुरेसे मानले आहेत. 100 ग्रॅम कच्च्या पालकात साडेचारशेहून अधिक मायक्रोग्रॅम असतात, तेवढ्याच कोथिंबिरीत तीनशेच्या आसपास, कोबीत सुमारे 75, भेंडीत सुमारे 30 आणि फ्लॉवरमध्ये त्याहून कमी. ज्वारी, तांदूळ, बटाटा, कांदा आणि दूध यांत ते नगण्य असते. एका गोष्टीकडे मात्र सहसा कोणाचेच लक्ष जात नाही, ती म्हणजे तेल. सोयाबीन तेलात 100 ग्रॅमला सुमारे 180 मायक्रोग्रॅम असतात, तर शेंगदाणा तेलात ते जवळजवळ नसतेच. घरात दिवसाला माणशी दोन मोठे चमचे सोयाबीन तेल वापरले जात असेल, तर पालेभाजी न खाताही सुमारे 50 मायक्रोग्रॅम पोटात जातात, आणि घाण्याचे शेंगदाणा तेल आणायला सुरुवात केली की ते अचानक थांबतात. म्हणून गेल्या वर्षभरात घरातील तेल कितीदा बदलले, हे एकदा आठवून पाहा.

ऋषीच्या भाजीबद्दल मला थोडी शंका आहे. तिच्यात अळू आणि माठ असतात हे खरे, आणि दोन दिवस ती खाल्ल्याने, विशेषतः तुमच्या शरीरातील साठा अपुरा असताना, आयएनआर काहीसा उतरणे शक्य आहे. परंतु हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळणारे आहे आणि आतड्यातून नीट शोषले जाण्यासाठी त्याला तेला-तुपाची सोबत लागते. ऋषीची भाजी अनेक घरांत फोडणीशिवायच शिजवतात, त्यामुळे तिच्यातून तेलात परतलेल्या भाजीइतके जीवनसत्त्व मिळत नाही. उपवास आणि गौरी-गणपतीच्या धावपळीत रात्रीची गोळी एखाद-दोन वेळा राहून गेली नाही ना? अ‍ॅसिनोकुमॅरॉलचा असर वॉरफेरिनपेक्षा लवकर ओसरतो, त्यामुळे चुकलेला डोस अहवालात लवकर दिसतो. गोळी चुकल्याचे त्याच रात्री लक्षात आले तर घ्यावी. दुसर्‍या दिवशी लक्षात आले तर नेहमीचाच डोस घ्यावा आणि दोन दिवसांच्या गोळ्या कधीही एकत्र घेऊ नयेत.

माझा खरा संशय मात्र तुमच्या कॅल्शियमच्या गोळीवर आहे. गुडघे आणि हाडे यांसाठी मिळणार्‍या कॅल्शियम व 'डी-3' च्या अनेक गोळ्यांत आजकाल 'के-2' जीवनसत्त्वही घातलेले असते. स्ट्रिपवर ते 'के-2-7' किंवा 'एमके-7' अशा स्वरूपात छापलेले आढळते. ऑस्टिओकॅल्सिनचा वर उल्लेख केला, त्यासाठीच ते घालतात. इतरांना त्याने अपाय नाही, पण पालेभाजीतील 'के-1' काही तासांत रक्तातून कमी होते, तर हे 'के-2-7' काही दिवस टिकून राहते. त्यामुळे अगदी थोड्या मायक्रोग्रॅमचाही रोजचा डोस अ‍ॅसिनोकुमॅरॉलचा परिणाम कमी करू शकतो. तुम्ही ती गोळी दोन महिन्यांपूर्वी सुरू केली आणि आयएनआर 1.7 आला तो त्यानंतर. वर्षानुवर्षे निमूटपणे शिजत आलेल्या भाजीवर आळ घेण्याआधी त्या स्ट्रिपची मागची बाजू वाचा. 'के-2' लिहिलेले असेल तर तुमच्या हृदयविकारतज्ज्ञांना दाखवून त्याऐवजी नुसते कॅल्शियम आणि 'डी-3' असलेली गोळी लिहून घ्या. बदलानंतर आयएनआर वाढू शकतो, म्हणून गोळी बदलल्यापासून साधारण एका आठवड्याने तपासणी करून घ्यावी.

श्रावणातला 4.6 समजायला सोपा आहे. लघवीच्या संसर्गासाठी दिली जाणारी कोट्रायमॉक्साझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही दोन्ही औषधे आयएनआर वाढवतात. मेट्रोनिडाझोल आणि बुरशीवरचे फ्लुकोनाझोल हीसुद्धा. उलट क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तो बराच खाली आणते. ताप-अंगदुखीसाठी एखादी पॅरासिटामॉल चालते, पण ती बरेच दिवस पूर्ण प्रमाणात घेतली तर आयएनआर वाढतो. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन तुम्ही गुडघ्यांसाठी स्वतःहून घेऊ नये, कारण या गोळीच्या जोडीने त्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. चूर्ण, काढा किंवा आसव यांबद्दलही डॉक्टरांना सांगून ठेवावे. कोणतेही अँटिबायोटिक सुरू झाले की तिसर्‍या ते पाचव्या दिवशी आयएनआर तपासण्याची सवय ठेवली, तर असा धक्का बसणार नाही.

तपासणीच्या वेळेबद्दलही अनेकांची गफलत होते. पालेभाजी खाल्ली आणि दुसर्‍या दिवशी सकाळी आयएनआर केला, तर त्यात फारसे काही कळत नाही. वरच्या चार प्रथिनांपैकी सातवे प्रथिन रक्तातून सर्वात लवकर, सुमारे सहा तासांत निम्मे होते, तर प्रोथ्रॉम्बिन निम्मे व्हायला दोन ते तीन दिवस लागतात. त्यामुळे डोसमधील किंवा आहारातील बदलाचा पूर्ण परिणाम स्थिरावायला पाच ते सात दिवस जावे लागतात. त्याआधीच्या एका आकड्यावरून गोळी वाढवणे-कमी करणे म्हणजे हेलकावा आणखी मोठा करणे होय, आणि हे काम घरच्या घरी तर कधीच करू नये.

तुमचा दुसरा प्रश्न नव्या गोळ्यांचा. डाबिगाट्रान, रिव्हारॉक्साबान, अ‍ॅपिक्साबान ही औषधे 'के' जीवनसत्त्वाच्या वाटेला जात नाहीत. ती थ्रॉम्बिनला किंवा दहाव्या प्रथिनाला थेट अडवतात, म्हणून त्यांना आहाराचे पथ्य आणि आयएनआर लागत नाही. पण कृत्रिम यांत्रिक झडप असलेल्यांना ती चालत नाहीत. डाबिगाट्रानची अशा रुग्णांवरील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती, आणि तिचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. शेजारच्या कोणाला हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे ती गोळी दिली असेल, तर ती त्यांच्यासाठी योग्य असेल, तुमच्यासाठी नाही. या बाबतीत कोणाच्याही आग्रहाला बळी पडू नका.

नातवाबद्दल निश्चिंत राहा. ते इंजेक्शन त्याला मिळाले ही चांगली गोष्ट झाली. गर्भात असताना हे जीवनसत्त्व वारेतून बाळापर्यंत फार थोडे पोहोचते, आईच्या दुधातही ते अगदी कमी असते, आणि जन्मतः बाळाच्या आतड्यात ते तयार करणारे जीवाणूही नसतात. त्यामुळे अंगावर पिणार्‍या आणि इंजेक्शन न मिळालेल्या काही बाळांना पहिल्या आठवड्यात, तर काहींना दोन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत अचानक रक्तस्राव होतो, आणि उशिरा होणारा हा रक्तस्राव बहुधा मेंदूत होतो. जन्मल्यानंतर मांडीत दिलेले 1 मिलिग्रॅमचे इंजेक्शन हा धोका जवळजवळ नाहीसा करते. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला ते अर्धा मिलिग्रॅम देतात. तुमचा झडपेचा विकार लहानपणच्या तापातून आलेला आहे आणि त्याचा या इंजेक्शनशी काहीही संबंध नाही.

मात्र हेच इंजेक्शन तुम्हाला कधी देण्याची वेळ आली, तर ते तुमच्या झडपेची कल्पना असलेल्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे. रक्तस्राव नसताना केवळ 4.6 हा आकडा पाहून ते दिले जात नाही. बहुतेक वेळा एखादा डोस वगळणे आणि लवकर फेरतपासणी करणे पुरते. मोठ्या मात्रेत दिल्यास त्यानंतर काही दिवस अ‍ॅसिनोकुमॅरॉलचा उपयोग होत नाही आणि तेवढ्या काळात झडपेवर गुठळी धरू शकते. म्हणून दवाखाना कोणताही असो, झडपेचे कार्ड आणि शेवटच्या काही आयएनआरची वही सोबत असू द्या.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा की तुम्हाला पालेभाजी पुन्हा सुरू करायची आहे. त्यांनी होकार दिला तर मेथी, माठ, शेपू किंवा चाकवत यांपैकी कोणतीही शिजवलेली भाजी साधारण अर्धी वाटी, एकाच मापाने, आठवड्यातील ठरलेल्या वारी खा. पालक आणि कोथिंबिरीची चटणी सुरुवातीला त्याहून थोडी. एका आठवड्याने आयएनआर, गरज वाटल्यास डोसमध्ये बदल, पुन्हा एका आठवड्याने आयएनआर, आणि तो सलग दोन-तीन वेळा 2.5 ते 3.5 मध्ये आला की दर महिन्याची तपासणी, असा क्रम सहसा ठेवतात. सध्या आयएनआर 1.7 असल्यास मात्र भेटीच्या तारखेची वाट न पाहता आजच डॉक्टरांना फोन करा, कारण मायट्रल जागेवरील यांत्रिक झडपेसाठी हा आकडा फारच कमी आहे. झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज मंदावला, एकाएकी दम लागला, बोलणे अडखळले किंवा हाता-पायातील शक्ती गेली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. शौचास डांबरासारखे काळे होणे, हिरड्यांतून थांबेना इतके रक्त येणे आणि डोक्याला मार लागणे, मग वरून जखम दिसो वा न दिसो, यांसाठीही हेच लागू आहे.